वैनीला दिलेला पेढा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, थोरल्या भावाला नाही, ज्याच्या शेतातल्या खोपीत ते पेढे केले त्या बसूलाही नाही. मग तुम्हाला का? तुम्ही आमच्या कमठाण्याचे नाही म्हणून असेल. उद्या आमच्या दारात येऊन तुम्ही आधी वैनीकडं आणि मग माझ्याकडं बघणार नाही — एवढीच माझी हिंमत.

वैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची बायको, सुमन. निंबर्ग्याची लेक. ती लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होतो. आमच्या घरात वडलांसमोर, अप्पांसमोर कुणी तोंड उघडायचं नाही, अण्णाही नाही. बोलायची ती एकटी. लाईनमनशी कानडीत भांडायची, चादरी विकायला येणाऱ्या चाचाशी दखनीत, आणि आमच्याशी मराठीत. हसायची तर शेजारच्या अंगणात ऐकू जायचं. मायला ते आवडायचं नाही. अप्पांना, मला वाटतं, आवडायचं.

ती शिवरात्र होती. माझं शिक्षण संपलेलं, लग्न ठरलेलं, काम काहीच नाही. बसूनं कुठूनशी भांगेची पानं आणली होती. आम्ही ती तुपात परतली, वाटली, खव्यात मिसळली. वेलदोडा घातला, साखर जरा जास्तच घातली. पेढे असे देखणे झाले की दुकानात मांडावेत. बसूला त्यातलं कळत होतं. त्यानं मला दोनदा बजावलं, "हे बघ, खाल्लेली भांग ओढलेल्यावानी लगेच कळत न्हाई. तासभर लागतंय, कधी दोन. काय झालं न्हाई म्हणून दुसरा घेतलास की मेलास. अन् रिकाम्या पोटी तर हातच लावू नको." मी हसलो होतो. पण ऐकलं होतं. लक्षात ठेवा — मी ते ऐकलं होतं.

उरलेले पेढे मी डब्यात घालून घरी आणले आणि स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर ठेवले. वैनीचा उपास होता. पहाटेपासून नुसत्या चहावर ती राबत होती. तिला डबा दिसला, खव्याचे पेढे उपासाला चालतात, तिनं खाल्ले. असं झालं.

दुपारी पुरुषमाणसं महादेवाच्या देवळाकडं होती. मी अंगणात होतो. आतून आधी हसू ऐकू आलं — तिचंच, पण थांबेना. मग ते मध्येच तुटलं आणि ती ओरडली. मी गेलो तेव्हा ती चुलीपाशी भिंतीला पाठ लावून बसली होती. डोळे लाल, ओठ कोरडे, दोन्ही हात छातीवर.

"मायवं, मी मरायले. भिंत जवळ यायलीय. हा हात माझा न्हाई, बघा की, हा माझा न्हाई!"

तिची पोरगी पल्लवी दारात उभी राहून रडत होती. वैनी तिला जवळ घ्यायला उठली, तोल जाऊन पडली, आणि पोरगी आईला भिऊन पळाली. मी हे पाहिलं. फळीवरचा डबा काढला आणि शर्टाखाली लपवला. माझ्या हातून पहिलं काय झालं असेल, तर हे. पाणी द्यायचं सुचलं नाही. डबा सुचला.

गावातल्या डॉक्टरला आणलं. त्यानं नाडी पाहिली, डोळे पाहिले, आणि विचारलं, "काय खाल्लंय का यांनी?"

माय म्हणाली, "उपास हाय तिचा. काय खाईल?"

डॉक्टरनं माझ्याकडं पाहिलं. मी घरातला शिकलेला. डबा पोटाला टोचत होता. एक शब्द — फक्त भांग म्हणायचं होतं. मी म्हणालो, "न्हाई हो डॉक्टर, काय न्हाई." त्यानं कसलंसं इंजेक्शन दिलं. तिला गुंगी येईना, धाप मात्र वाढली. डॉक्टर म्हणाला, हे डोक्याचं दिसायलंय, बिदरला दाखवा.

बिदरला न्यायच्या आधी मायनं देवऋष्याला बोलावलं. शिवरात्रीच्या दिवशी बाईच्या अंगात बाहेरचं शिरलं, अशी तोवर गल्लीभर बोंब झाली होती. त्यानं मिरच्यांची धुरी दिली. केस धरून लिंबाच्या फोकानं मारलं. ज्या बाईला आधीच भिंती अंगावर येतायत असं वाटत होतं, तिला बांधून धुरात बसवलं — कळतंय का तुम्हाला? ती एकेकाला हाक मारत होती. अण्णाला मारली. मायला मारली. मग मला. "भावजी, मला कामून मारायलेत हो? सांगा की यांना!"

काय सांगायचं ते मला एकट्यालाच ठाऊक होतं. आणि मी अंगणाच्या कडेला उभा होतो. अप्पा म्हणतील, नशाबाज पोरगा. ठरलेलं लग्न मोडेल. धुरी चालू असताना मी हा असा विचार करत होतो, शांतपणे.

दुसऱ्या दिवशी उतरलं. उतरणारच होतं. तिला एका अंधाऱ्या खोलीत निजवून, कुणीतरी हात धरून 'भांग हाय, उतरती, भिऊ नका' म्हणत बसलं असतं, तरी चाललं असतं.

थांबा. मघाशी मी एक खोटं लिहून गेलो. बघा, इथंसुद्धा. तिला डबा सापडला नव्हता. डबा मी तिच्यापुढं धरला होता.

चार दिवस आधी तिनं अप्पांसमोर म्हटलं होतं, भावजींच्या कपड्यांना वास येतो, लग्नाआधी यांना जरा कामाला लावा. खरंच होतं ते. काळजीनंच बोलली होती. पण अप्पांनी मला गड्यासमोर झापलं, आणि मला वाटलं, हिला एकदा सगळ्यांसमोर खुळ्यासारखं हसताना बघायचं. म्हणून म्हणालो, "वैनी, उपासाला चालत्यात, खावा की." तिनं विचारलं, "कुणी आणले?" मी म्हणालो, बसूच्या आईनं धाडलेत.

तिनं एक खाल्ला. मी वाट बघत बसलो. तिला काहीच होईना. ती भगर निवडत होती, माझ्याशी नीट बोलत होती, माझ्या होणाऱ्या बायकोला कुठल्या रंगाची साडी घ्यायची ते विचारत होती. मग मी दुसरा दिला. "गोड झालेत की हो," म्हणाली, आणि भुकेली होती, तिसरा स्वतःच घेतला. बसूचं बोलणं मला आठवत होतं तेव्हा. विसरलो असतो तर आज निदान तेवढं तरी म्हणता आलं असतं.

पुढचं साधंच आहे. बिदरच्या डॉक्टरालाही कुणी पेढ्याचं सांगितलं नाही. सांगणारा मीच होतो, आणि मी गाडीत पुढं बसलो होतो. गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी ती दिवसभर पेंगायची, त्यामुळं खरंच आजारी दिसायची. पल्लवीला माय आपल्याजवळ निजवू लागली. वैनीला एकटीला चुलीपाशी बसू देईनात. पाव्हणे आले की ती आतल्या खोलीत जाऊ लागली — कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून. अण्णा वाईट नव्हता. पण तो तिच्याशी हळू बोलायला लागला, जपून, जसं आपण दुसऱ्याच्या जनावराजवळून जातो. तिनं भांडायचंच सोडलं.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिनंही मानलं. आपलं डोकं एकदा फिरलं होतं, परत कधी फिरंल सांगता येत न्हाई, हे तिनं धरून ठेवलं.

माझं लग्न ठरल्याप्रमाणं झालं. मी मन्नाएखेळ्ळीला हायवेवर बी-बियाण्याचं दुकान टाकलं. बऱ्याच वर्षांनी वैनी एकदा अण्णाबरोबर दुकानात आली. अण्णा पोती बघायला मागं गेला, तेव्हा तिनं हळूच विचारलं, "भावजी, एक सांगता का? त्या दिशी मी काय खाल्लं होतं का हो? मला ते पेढे आठवायलेत. त्याच्यात तर काय नसंल ना?"

तिनं स्वतः विचारलं. इतक्या वर्षांनी तिनं एकटीनं विचार करत करत तिथवर आणलं होतं. दार उघडून दिलं होतं मला. मी म्हणालो, "न्हाई वैनी. ते मीबी खाल्ले की. मला कुठं काय झालं?"

ती "व्हय" म्हणाली. दोनदा मान हलवली. पेढ्याचं बोलणं पुन्हा कधी काढलं नाही.

गेल्या होळीची गोष्ट. शेजारच्या हार्डवेअरवाल्याचा मेहुणा हैदराबादहून आला होता. पानपट्टीवरच्या भांगेच्या गोळ्या त्यानं काही होत नाही म्हणून एकामागं एक गिळल्या आणि दुपारी माझ्या ओट्यावर कोसळला. मला सगळं येत होतं. मी त्याच्या गाडीची चावी काढून घेतली. दुकानाच्या मागच्या खोलीत गारव्याला नेलं, कुशीवर निजवलं, थोडं थोडं पाणी दिलं. पोरं दारू पाजून उतरवू म्हणत होती, त्यांना हाकललं. तो मरतोय म्हणून रडत होता. मी त्याचा हात धरून सांगत राहिलो, "मरत न्हाईस तू. भांग हाय. येळ लागंल, पण उतरंल." उलट्या थांबेनात, छातीची धडधड कमी होईना, तेव्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं विचारायच्या आधीच मी सांगितलं — काय खाल्लं, किती खाल्लं, कधी खाल्लं. डॉक्टर म्हणाला, बरं झालं सांगितलं, लोक लपवतात. एका दिवसात माणूस पायावर उभा राहून चहा पीत होता. त्याच्या बहिणीनं माझ्या पायाला हात लावला.

मी तिला अडवलं नाही.

या महिन्यात पल्लवीला बघायला औरादकडचे लोक आले. मुलगा चांगला, पल्लवीलाही पसंत. चुलता म्हणून मी पुढं बसलो होतो, अण्णाशेजारी. पोहे झाले, चहा झाला. मग मुलाच्या मामानं, अगदी सभ्यपणे, विचारलं, "राग मानू नका. पण कानावर आलंय की पोरीच्या आईला मागं काही... तसं घराण्यात आहे का?"

अण्णानं मान खाली घातली. मी बोलू शकत होतो. अप्पा वारलेत, माय अंथरुणाला खिळलीय. माझं लग्न मोडायचं भय संपून जमाना झाला. आता कोण काय करणार होतं माझं? तरी मी चहाचा कप हातात धरून बसून राहिलो.

तेव्हा आतल्या खोलीतून वैनी बाहेर आली. पदर सारखा केला आणि उभ्यानंच म्हणाली, "व्हय. मला झालं होतं. खोटं बोलणार न्हाई. डोकं फिरलं होतं माझं. पण ते माझं मला. आमच्या घराण्यात कुणाला न्हाई, अन् माझ्या लेकराला तर कायबी न्हाई. तिला माझ्याजवळ निजूसुद्धा दिलं न्हाई कुणी."

कधी न झालेला आजार तिनं परक्या माणसांसमोर कबूल केला. माझ्यासमोर.

पाव्हणे म्हणाले, कळवतो. चपला घालून गेले. अजून कळवलेलं नाही. अण्णा त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेला, पल्लवी परसात जाऊन बसली. वैनीनं सगळ्यांच्या कपबशा गोळा केल्या. माझ्या कपात चहा तसाच होता. ती म्हणाली, "भावजी, निवला तुमचा. दुसरा करू का?"

मी म्हणालो, करा.