बंदुकीच्या टिकल्या
दिवाळीत गल्लीतली पोरं टिकल्या फोडतात, तो जळका वास घरात शिरला की मी आता खिडक्या लावून घेतो. याच वासाच्या नादानं मी जन्मभर खेळण्यातली जुनी पिस्तुलं गोळा केली, कपाट भरलं. बायको अंथरुणाला खिळली तेव्हा एका सकाळी म्हणाली, “मनाकरता टिकल्या लई या. कपायवरन्या, बंदुकन्या नही.” कपाळावरच्या आणायच्या, बंदुकीच्या नाही, यावर दोघंही हसलो. देवपुरातून पूल ओलांडून बाजारात गेलो, तर भंगारवाल्याकडं बिडाचं पिस्तूल दिसलं, घोडा गंजून अडकलेला. तिथंच बसून रॉकेलनं घासत राहिलो. घोडा सुटला तेव्हा दुपार झाली होती. पिस्तूल आणि त्याच्या टिकल्यांची डबी घेऊन घरी आलो, तर ती गेलेली. बाया तिला सवाष्ण म्हणून सजवत होत्या. शेजारची अक्का म्हणाली, “नाना, टिकल्या आणायला गेले होते ना? द्या.” मी खिशातली डबी दिली. तिनं उघडून पाहिली, माझ्याकडं पाहिलं. स्वतःच्या कपाळाची टिकली काढून हिला लावली. कपाट अजून भरलेलंच आहे. लोक बघायला येतात, “वा नाना” म्हणतात, आणि मी निर्लज्ज माणूस सगळ्यात आधी तेच पिस्तूल काढून दाखवतो.