हँडल पाडलंय, कुणी उचलू नका

अणदूरच्या पुढं आमचं साडेतीन एकर रान आहे आणि तिथल्या विहिरीवरची मोटार मी चालवते. नवरा उमरग्याला ट्रकच्या गॅरेजात कामाला. रविवारी येतो, सोमवारी पहाटे जातो. त्यामुळं लाईट कधी येणार, कधी जाणार, मोटार का गुरगुरतेय, हे सगळं माझ्याच गळ्यात. आमच्या डीपीवर, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरवर, सतरा शेतकऱ्यांच्या मोटारी आहेत. त्या सतरा जणांचा व्हॉट्सॲपवर एक गट आहे, ‘डीपी नंबर तीन’. सोळा पुरुष आणि मी एकटी बाई.

गट काढला तो एकाच कामासाठी. डीपीवरची फ्यूजतार जळाली की वायरमनची वाट बघून भागत नाही. एवढ्या गावांना तो एकटा, कुठंकुठं पुरणार? मग शेतकऱ्यांतलाच कुणीतरी वर चढतो. आमच्यात ते काम शेजारच्या रानातल्या भाऊंचं. जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं त्यांचं दुकान होतं पूर्वी, वायरीची भीती त्यांना कधी वाटलीच नाही. शुक्रवारी दुपारी कुणी बोलावलं तर ‘नमाज करून येतो’ म्हणत आणि सांगितल्या वेळेला येत. नवऱ्याला ते भावासारखे, म्हणून मला वहिनी म्हणत.

आता डीपी आहे उसाच्या आत आणि लाईट तोडायचं हँडल दोन खांब अलीकडं, ओढ्याच्या रस्त्यावर. ऊस वाढला की हँडलपाशी उभं राहून डीपी दिसत नाही, त्यावर कोण चढलंय ते कुठलं दिसायला. म्हणून नियम ठरला. हँडल खाली ओढून लाईट तोडणाऱ्यानं गटात लिहायचं, ‘हँडल पाडलंय, कुणी उचलू नका.’ काम झालं की लिहायचं, ‘उचललं.’ आणि कुणालाही हँडल खाली दिसलं तर आधी गट बघायचा, मगच हात लावायचा. एवढ्या भरवशावर भाऊ त्या लोखंडावर चढायचे, तेही चप्पल काढून. अनवाणी पाय नीट बसतो म्हणायचे. गटात त्यांनी याखेरीज दुसरं काही लिहिलेलं मला आठवत नाही.

बाकीच्यांनी मात्र गटाची पार चावडी करून टाकली. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा कुणी सवयीनं जुनं नाव लिहिलं, त्यावरून दोन दिवस धुमश्चक्री. निवडणुकीत तर विचारूच नका. रस्त्याकडेच्या रानाचे मालक, ज्यांचं गावात किराणा दुकान आहे, ते सकाळी उठले की कुठून तरी आलेले व्हिडिओ ढकलायचे. विहाराजवळ राहणारे एक निवृत्त गुरुजी त्यांना तोडीस तोड उत्तर द्यायचे, मुद्दे घालून. आणि मध्ये मी.

खरं सांगायचं तर मला त्याची गोडी लागली होती. ज्या माणसांसमोर मी पदर सावरून बाजूला होते, जी माझ्याशी बोलायचं तर ‘मालक कधी येणार?’ एवढंच विचारतात, ती गटात माझ्या एका वाक्याला पाच-पाच वाक्यं उत्तर द्यायची. कधी दुकानदारांना टोचायचं, कधी गुरुजींना. देव आहे का, सरकार कुणाचं बरं, सगळ्यावर माझं मत तयार. बारावीनंतर शिक्षण सुटलं त्याची कसर मी तिथं भरून काढत होते. एकदा गुरुजींनी ‘ताईंचा मुद्दा बरोबर आहे’ असं लिहिलं, तर मी तो मेसेज रविवारी नवऱ्याला दाखवला. तो म्हणाला, ‘मिरचीला पाणी दिलं का?’

मग सीमेवर लढाई पेटली ते दिवस आले. टीव्हीवर दिवसभर भोंगे, गटात दिवसभर विमानं. वीस वर्षांपूर्वीचे कुठले स्फोट आजचे म्हणून फिरत होते. जो तो सेनापती. कुणाचाही मुलगा तिकडं नव्हता, त्यामुळं सगळ्यांनाच लढाई लांबायला हवी होती. मीही त्यातच होते. रात्री भाकरी थापताना फोन चुलीशेजारी उभा करून वाचायचे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकानदारांनी लिहिलं, ‘आपल्या गटात काही जण अजून गप्प हायत. का गप्प हायत, ते समजतंय आम्हाला.’ नाव नव्हतं. नावाची गरजही नव्हती. गप्प तर दहा-बारा जण होते, पण सगळ्यांना कळलं की बोट कुणाकडं आहे. गुरुजींनी लगेच हटकलं, ‘ही भाषा बरी नाही.’ त्यावर दुकानदार, त्यावर आणखी दोघं. मला संताप आला. भाऊंच्या बाजूनं बोलावं असं मनापासून वाटलं. आणि मी काय लिहिलं? ‘भाऊ, तुम्ही एकदा एक ओळ लिहून टाका. देशासोबत हाय म्हणा. म्हणजे ह्यांची तोंडं बंद होतील.’

पाठवलं आणि मला बरं वाटलं. भाऊंनी ते वाचल्याच्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

सकाळी उठून बघते तर भाऊ गटातून निघून गेलेले. ती बारकी राखाडी ओळ मी दोनदा वाचली. मला आधी वाईट वाटलं, मग राग आला आणि रागच टिकला. मी यांच्यासाठी भांडले आणि हे उठून चालते झाले, म्हणजे मला तोंडघशी पाडलं की नाही? त्याच झटक्यात मी गटात लिहिलं, ‘नीट विचारलं तर उठून जायचं, ह्याला काय म्हणावं?’ दुकानदारांनी त्यावर अंगठा दिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं आणि माझं एकमत झालं होतं.

शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असते; त्या आठवड्यात ती दिवसाची होती. त्याच सकाळी नऊच्या सुमाराला मी मिरचीच्या रानात होते. दोन दिवसांपूर्वी रोपं लावलेली, वर मे महिन्याचं ऊन, माना टाकायला लागली होती. मोटार चालू होती तोवर ठीक होतं, पण ती एकाएकी घुमायला लागली आणि मी धावत जाऊन बंद केली. लाईट पुरी येत नव्हती. अर्ध्या तासानं फोन वाजला. भाऊंचं नाव. मला वाटलं, कुणीतरी माझा सकाळचा मेसेज दाखवलेला दिसतोय, आता जाब विचारायला फोन. मी उचलला नाही. वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजला. मी तो उलटा करून बांधावर ठेवला आणि भाऊंना काय काय ऐकवायचं ते मनात जुळवत बसले. चांगली पाच-सहा वाक्यं जुळली होती.

थोड्या वेळानं बघते तर लाईट पूर्णच गेलेली. शेजारच्या शिवारातली मोटार मात्र चालू होती, आवाज येत होता. म्हणजे लाईट आमच्याच डीपीची गेली. मी ओढ्याच्या रस्त्यानं हँडलपाशी गेले. हँडल खाली. नियमाप्रमाणं फोन काढला, गट उघडला. रात्रीपासून एकशे चाळीस मेसेज. विमानं, नकाशे, शिव्या, कुणाची तरी कविता, पुन्हा शिव्या. सगळे खाली-वर करून बघितले. ‘हँडल पाडलंय’ ही ओळ कुठंच नव्हती. वाऱ्यानं सुटलं असेल, नाहीतर कुणीतरी पाडून विसरला असेल, असं म्हणून मी दोन्ही हातांनी हँडल वर ढकललं. खाडकन आवाज झाला आणि उसाच्या आत डीपी गुणगुणायला लागला.

नियम मी पाळला होता. हे मी त्या दिवसापासून स्वतःला कितीदा सांगितलंय.

दहा पावलं परत आले असेन, आणि डोक्यात एकदम आलं: भाऊ गटात नाहीत. ते लिहिणार कुठं? आणि मला दोनदा फोन कशाला आला होता?

मी उसात घुसले. वाट पलीकडून आहे, पण तेवढं फिरून जायचं सुचलं नाही. पातीनं हात-तोंड कापत होतं, पदर कुठं अडकून राहिला ते कळलं नाही. ‘भाऊ, भाऊ’ असं ओरडत होते की नुसतं मनात म्हणत होते, आठवत नाही. डीपीच्या मोकळ्या जागेत आले आणि पाय थांबले. खाली भाऊंच्या चपला होत्या, एकीशेजारी एक, नीट काढून ठेवलेल्या. बाजूला पक्कड आणि तारेचं भेंडोळं. भाऊ नव्हते. वर बघायची माझी हिंमत होईना. मान वर करायची म्हणजे काय, एवढं साधं काम, पण ते मला जमेना. वर डीपी गुणगुणत होता.

तेवढ्यात हातातला फोन वाजला. भाऊंचं नाव.

‘वहिनी, हँडल तुम्ही उचललं का?’

‘भाऊ, कुठं हाय तुम्ही?’

‘बांधाच्या पल्याड, लिंबाखाली. जागच्या हलू नका. कशाला हात लावू नका. आलो म्या.’

मी तिथंच मातीत बसले. भाऊ पलीकडून अनवाणीच आले. मला बघून आधी हँडलकडं गेले, ते पाडून परत आले आणि बाटलीतलं पाणी माझ्यापुढं धरलं. मी कसेबसे दोन घोट घेतले.

‘चपला तर हितं हायत,’ मी म्हणाले.

‘चढणारच होतो,’ ते म्हणाले. ‘सकाळी एकानं घरी येऊन सांगितलं, तार जळली म्हणून. आता गट न्हाय, तवा ज्यांच्या मोटारी ह्या वक्ताला चालू असत्यात त्या तिघांना फोन लावले. दोघांनी उचलला. तुम्ही न्हाय उचलला. मग म्हटलं, थांबावं. वहिनीचा फोन येऊस्तोवर हात लावायचा न्हाय.’

मी रडायला लागले. ते दुसरीकडं बघत उभे राहिले. मग मी माफी मागितली, आधी हँडलची, मग मेसेजची. म्हणाले, ‘जाऊ द्या. काय झालं न्हाय ना.’ मी म्हणाले, ‘त्या दुकानदाराचं काय मनावर घेता भाऊ? त्यांची सवयच हाय ती. त्यांच्यापायी गट कशाला सोडला?’

भाऊ चपला घालत होते. घालता घालता म्हणाले, ‘त्यांच्यापायी न्हाय सोडला, वहिनी. ते चार वर्षं लिहितायत, म्या कधी वाचलंबी न्हाय. तुम्ही म्हणालात, एक ओळ लिहा. वीस वर्षं तुमच्या मोटारीचा फ्यूज बांधतोय म्या. तुम्हालाबी ती ओळ पाहिजे होती, हे लई लागलं.’

मी पाच-सहा वाक्यं जुळवून ठेवली होती ना? त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. त्यांनी हातानं मला मागं सरायची खूण केली, पुन्हा चपला काढल्या आणि वर चढले. मी हँडलपाशी जाऊन उभी राहिले. राखण म्हणून, त्यांनी न सांगता. काम झाल्यावर त्यांनी हाक मारली, तरी मी हँडलला हात लावला नाही. ते आले आणि त्यांनी स्वतः उचललं.

दुपारी मी गटात सगळं लिहिलं. माझी चूक, फोन न उचलल्याची, त्या ओळीची, सगळी. सकाळचा मेसेज पुसून टाकला. मग चार-पाच जोडलेले हात आले. गुरुजींनी लिहिलं, ‘थोडक्यात वाचलो आपण सगळे.’ तासाभरानं दुकानदारांनी एका विमानाचा व्हिडिओ टाकला आणि गट पुन्हा चालू झाला. भाऊंना परत घेऊ का म्हणून मी विचारायला गेले, तर ते हसून म्हणाले, ‘राहू द्या. फोन करीत जाईन की.’

आणि करतात. वाद मी सोडला असं म्हणणार नाही. दुकानदारांशी माझं अजून वाजतं. पण आता भाऊंचा फोन पहिल्याच घंटीला उचलते, पिठाच्या हातानं, भांडणाच्या ऐन मध्यात. ‘हँडल पाडलंय, वहिनी.’ ‘व्हय भाऊ, कळलं.’ एवढंच बोलणं. ती दोन-चार अक्षरं ऐकली की मला बरं वाटतं.

पण त्या घटनेनंतर आठवड्याभरात हँडलला एक साखळी आली. पितळी कुलूप, किल्ली भाऊंच्या खिशात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, ज्यांना भाऊ फोन करत नाहीत त्यांच्यासाठी असेल, माझ्यासाठी नाही. म्हणून परवा त्यांचा फोन आल्यावर मी मुद्दाम ओढ्याच्या रस्त्यानं जाऊन बघितलं. मला फोन केलेला होता, मी ‘कळलं’ म्हणाले होते. हँडल खाली होतं, आणि त्याला कुलूप लावलेलं होतं.