दाराबाहेरून वाचलेलं बेप्पू

बेप्पू हे जपानमधलं, डोंगर आणि खाडी यांच्यामध्ये वसलेलं शहर. तिथे गरम पाण्याच्या झऱ्यांचे आठ वेगवेगळे भाग आहेत. २०२०च्या एप्रिलमध्ये आम्ही दोघं लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाला तिथे जाणार होतो. मी आठ भागांची आठ पानं केली होती. बस कुठून सुटते, स्नानगृह किती वाजता उघडतं, टॉवेल आपला न्यायचा की तिथे मिळतो, सगळं त्यात होतं. मार्चमध्ये जग बंद झालं आणि पानं फाइलमध्ये राहिली.

पुढच्या जानेवारीत नवरा आजारी पडला. आम्ही तेव्हा परदेशात, नास नावाच्या गावात राहायचो आणि तो तिथल्या सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर होता. टेस्ट पॉझिटिव्ह आल्यावर तो वरच्या लहान खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. जेवणाचा ट्रे मी बाहेर ठेवायचे आणि मी खाली गेले की तो आत घ्यायचा.

सहाव्या दिवशी ताप उतरेना, म्हणून मी आमच्या फॅमिली डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. ऑक्सिजन ब्याण्णवच्या खाली गेला किंवा एका दमात पूर्ण वाक्य बोलता येईना, तर लगेच ॲम्ब्युलन्स बोलवायची.

ऑक्सिजन मोजायचं यंत्र त्याच्याजवळ आत होतं, आकडा तो सांगणार होता. प्रश्न वाक्यांचा होता. लग्नाला वीस वर्षं झाल्यावर दर दोन तासांनी बोलायला विषय कुठून आणायचा? मी फाइल काढली. दर खेपेला एका भागाचं पान दाराबाहेरून वाचायचं आणि तिथे आपण काय करणार ते त्याने सांगायचं, असं ठरवलं. वहीत रकाने आखले: वेळ, ताप, ऑक्सिजन, काय बोलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला स्टेशनजवळचा जुना भाग वाचला. तिथे लाकडी इमारतीत माणसाला गरम वाळूत गळ्यापर्यंत पुरतात.

"मला पुरून तू बाहेर उभी राहशील आणि घड्याळ लावून मिनिटं मोजशील," आतून आवाज आला. "वाळूतसुद्धा सुख नाही, मुकादमबाई."

"ऑक्सिजन?"

"शहाण्णव."

मी लिहून घेतलं.

दहाला डोंगरावरचा म्योबान वाचला. तिथे गवताने शाकारलेल्या खोपटांमध्ये जमिनीतल्या वाफेपासून अंघोळीच्या पाण्यात घालायचे क्षार तयार करतात.

"आणि कपडे सगळे काढायचे? चारचौघांत?"

"सगळे. आधी बाहेर बसून साबणाने अंग धुवायचं, मग पाण्यात उतरायचं."

"मग तू जा. मी खोपटं बघतो." मग खोकला. "शहाण्णव."

बाराला समुद्राकाठचा कामेगावा. "बरं आहे," म्हणाला, "समुद्र बघू." पंचाण्णव. दोनला कांकाइजी, उतारावरून सगळं शहर आणि खाडी दिसते तो भाग. "हो. जाऊ." शहाण्णव.

मी ऑक्सिजनच्या रकान्यावरून बोट फिरवलं आणि निर्धास्त होऊन खाली भाताला फोडणी घातली. आकडे सरळ रेषेत असले की मला बरं वाटतं. माझी चूक तिथेच झाली.

चारला मी कान्नावा वाचला. तिथे रस्त्याकडेच्या गटारांतूनही वाफ येते आणि त्याच वाफेवर लोक अंडी, रताळी, भाज्या शिजवतात. खाण्याचा विषय, म्हणून हे पान मुद्दाम मागे ठेवलं होतं. या माणसाला रताळ्यावर दहा मिनिटं बोलता येतं.

"रताळी..." तो म्हणाला. मग बराच वेळ काही नाही. "...चालतील."

"ऑक्सिजन?"

"शहाण्णव."

मी लिहायला पेन टेकवलं आणि थांबले. शेवटचा रकाना वरून खाली वाचला. आठ वाजता तीन ओळी. दहाला दोन. बाराला एक. दोनला दोन शब्द. आता दोन शब्द, तेही तुटलेले. शेजारी शहाण्णव, शहाण्णव, पंचाण्णव, शहाण्णव.

"दार उघडते आहे," मी म्हटलं.

"येऊ... नकोस."

मास्क नाकावर दाबून मी आत गेले. तो उशांना टेकून बसला होता, ओठ राखाडी झालेले. यंत्र टेबलावर होतं. मी त्याचा हात ओढून बोटाला यंत्र लावलं. सत्त्याऐंशी.

"बोट गार... आहे."

बोट चोळून गरम केलं, दुसऱ्या हाताच्या बोटाला लावलं. शहाऐंशी.

"किती वाजल्यापासून खोटं सांगतो आहेस?"

त्याने दोन बोटं वर केली. मग विचार करून चारही केली: दोनचा आकडाही खोटा, चारचाही.

मी तिथूनच ॲम्ब्युलन्सला फोन लावला. वीसेक मिनिटांत दोघं जण निळ्या गाऊनमध्ये जिना चढून आले. त्यातला एक त्याला ओळखत होता. "डॉक्टर, तुम्ही?" एवढंच म्हणाला आणि नाकावर ऑक्सिजन लावला. मला बरोबर येता येणार नव्हतं. त्याची गोळ्यांची यादी आणि चार्जर मी पिशवीत घालून दिले. गाडी वळेपर्यंत दारात उभी राहिले आणि मग त्या खोलीची खिडकी उघडायला वर गेले.

अतिदक्षता विभागात न्यायची वेळ आली नाही, पण दोन दिवस येईल असं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी त्याचा स्वतःचा फोन आला. विचारायच्या गोष्टी मी लिहून ठेवल्या होत्या. एकही विचारली नाही.

"का केलंस?"

"आजारी पडायच्या आधीच्या आठवड्यात मी अकरा बायकांना फोन केले होते," तो म्हणाला. "नवऱ्याला वॉर्डात दाखल करतोय, तुम्हाला येता येणार नाही, फोन जवळ ठेवा. तसा फोन तुला कुणी करावा हे मला नको होतं."

वाक्य एका दमात पूर्ण झालं होतं. ते मी वहीत लिहून घेतलं.

"आला मला तो फोन," मी म्हटलं. "पहिल्याच संध्याकाळी आला. तुझ्या वॉर्डातल्या सिस्टरने केला. मी उभ्या उभ्या ऐकला आणि तिला विचारलं, त्याने काही खाल्लं का."


पलीकडे त्याचा श्वास संथ चालला होता. मी फाइल उघडून सहावं पान वाचायला घेतलं.