वीस खिट्ट्या

माझ्या वहिनीइतकी भित्री बाई मी दुसरी पाहिली नाही. गॅस बंद केला का, हे ती तीनदा बघते आणि जिना उतरल्यावर परत वर येऊन चौथ्यांदा. मी तिला तोंडावर भागूबाई म्हणतो. ती रागावत नाही, कारण तेवढ्या वेळात ती कुलूप ओढून बघत असते.

प्लॅस्टिकच्या कारखान्यात ती अठरा वर्षं तपासणीला होती. समोर येणारा प्रत्येक नग गेजमध्ये, म्हणजे मापाच्या खाचेत, घालायचा. बसला तर पुढे, नाही तर भंगारात. कारखाना बंद पडला तेव्हा दादाला वाटलं, आता ही घरी बसून आपल्यालाच तपासणार. तिने मात्र थ्रीडी प्रिंटर घेतला आणि बाहेरच्या खोलीतलं कपाट हलवून तिथे मांडला. पहिल्या दिवशी बटण दाबण्याआधी तिने प्लग तीनदा तपासला.

मी वायरमन आहे, मला त्या यंत्राचं फारसं कौतुक नव्हतं. प्लॅस्टिकचा धागा वितळवून थरावर थर चढवत बसतं, पाऊण तासाला एक वस्तू. पण त्यातली गोम वहिनीने मला समजावली. पूर्वी असला एखादा सुटा भाग करायचा तर आधी पोलादी साचा लागायचा, आणि साच्याचा खर्च निघायला हजारो नग खपवावे लागायचे. जुन्या वस्तूंचे भाग त्यामुळे कोणी करतच नसे. आता वीस हवेत तर वीस, एक हवा तर एक. दुकानदार हात वर करतात तिथून तिचा धंदा सुरू होतो. शिलाई मशीनची दातेरी चाकं, खिडक्यांच्या कड्या, पंख्यांची बटणं, असलं काहीबाही घेऊन वर्षभरात लोक आमचा जिना चढायला लागले. दादाने दारावर पाटी लावली.

वृद्धाश्रमाचं काम मीच आणलं. तिथे वायरिंग करताना मेट्रनबाई म्हणाल्या की, पलंगाचे कठडे वर अडकवून ठेवणाऱ्या खिट्ट्या तुटल्यात आणि कंपनीने तसले पलंग बनवणंच सोडलंय. कठडे सुतळीने बांधून ठेवले होते. एकच खिट्टी धड होती, ती मी खिशात घालून आणली. वहिनीने ती स्कॅन केली, तशाच वीस छापल्या, स्वतः जाऊन बसवल्या आणि प्रत्येक कठडा हाताने ओढून पाहिला. सगळ्या चपखल बसल्या होत्या. मेट्रनबाईंनी आणखी चाळीस पलंगांचं काम कबूल केलं.

पंधरा दिवसांनी त्यांनी माझ्याकडे एक पाकीट दिलं. भांडारात मूळची, कधीच न वापरलेली एक खिट्टी सापडली होती, पुढच्या वेळी उपयोगी पडेल म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती वहिनीला दिली. तिने ती जुनीच्या शेजारी ठेवली आणि दोन्हींच्या, कठडा अडकवणाऱ्या दातावरून नख फिरवलं.

"भाऊजी, नमुना झिजलेला होता," ती म्हणाली.

न तुटलेली म्हणून आम्ही ती खिट्टी धड समजलो होतो. वर्षानुवर्षं घासून तिचा दात गोल झाला होता, आणि यंत्राने ती झीजसुद्धा इमानाने वीस वेळा छापली होती. हाताने ओढलं तर कठडा टिकणार. पण एखादं माणूस अख्ख्या वजनानिशी रेललं, तर दात निसटून कठडा खाली जाणार. कारखान्यात नकाशा काढणारा वेगळा, साहेब वेगळा, हातात गेज. इथे सगळं ती एकटीच, आणि ताडून पाहायला काहीच नव्हतं.

माझी पाचावर धारण बसली, पण खोटं कशाला बोलू, भीती पहिल्यांदा धंद्याचीच वाटली.

"नव्या रंगात देते म्हण आणि गुपचूप बदल," मी म्हणालो. "खरं सांगितलंस तर ती पाटी उतरवावी लागेल."

"आणि बदलेपर्यंत कोणी रेललं तर?"

ती वृद्धाश्रमात फोन लावत होती. घंटा वाजत होती, कोणी उचलत नव्हतं. तिने नवी खिट्टी स्कॅन करून यंत्र सुरू केलं, दादाला त्याच्यापुढे बसवलं आणि माझ्या स्कूटरवर मागे बसली. माझा शर्ट तिने पाठीवर मुठीत धरला होता. वाटेत ती एकदाच बोलली, की विसांपैकी नऊ जण कठडा धरल्याशिवाय उठूच शकत नाहीत.

मेट्रनबाईंना तिने दारातच एका दमात सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. परिचारिका सुतळी घेऊन धावल्या. जेवणं आटोपून माणसं आडवी होण्याची वेळ होती. कोपऱ्यातल्या पलंगावरच्या आजी मात्र कठडा धरून उठत होत्या.

"आजी, त्याला रेलू नका. ती खिट्टी मी केलीय, ती चुकलीय."

आजींना अर्धंच ऐकू गेलं. खट्‌ असा आवाज झाला आणि कठडा खाली गेला. वहिनीने त्यांना काखेत हात घालून धरलं तेव्हा त्यांचं डोकं फरशीपासून हातभर वर होतं.

आजींना खरचटलंसुद्धा नाही. पण त्यांनी वहिनीचं मनगट जे धरलं ते सोडेनात. सुतळीवर त्यांचा विश्वास नव्हता. "आता तूच धर," त्या म्हणाल्या. वहिनी पलंगाच्या कडेला कठड्याच्या जागी बसून राहिली. मेट्रनबाई येऊन जे बोलायचं ते बोलल्या, चाळीस पलंगांचं काम रद्द झाल्याचंही. तिने मान खाली घालून ऐकलं.

पहिल्या चार खिट्ट्या तयार झाल्या तेव्हा दुपार कलली होती. मी घरी जाऊन त्या घेऊन आलो. वहिनीने एका हाताने आजींना धरून दुसऱ्या हाताने मला कुठे काय बसवायचं ते दाखवलं. मग डोळे मिटून सगळं अंग कठड्यावर टाकलं आणि पाय जमिनीवरून उचलले. कठडा हलला नाही.

"ही कोणी केली?" आजींनी विचारलं.

मी बोलणार होतो, तिने मला डोळ्यांनीच थांबवलं.

"मीच केली, आजी."

आजींनी कठडा एकदा हलवून पाहिला. मग तिचं मनगट सोडलं आणि हळूहळू दोन्ही हात कठड्यावर ठेवून त्या उठल्या. वहिनीने आपले हात आजींच्या काखांखाली, न टेकवता, पसरून धरले होते.