नीलाच्या क्रुसावरची ओळ

कल्याणच्या बाजारपेठेतील कित्येक दुकानांच्या पाट्या शांतवन पारधे यांच्या कुंचल्यातून उतरलेल्या होत्या. पण ख्रिस्ती मंडळीत त्यांचे नाव होते ते क्रुसांवरील अक्षरांसाठी. मृताचे नाव, जन्म-मृत्यूचे दिवस आणि खाली ‘प्रभूमध्ये निजला’ किंवा ‘निजली’. वीस वर्षे ही ओळ त्यांनी सेवाभावाने लिहिली, आणि लिहिताना तिच्या सत्यतेविषयी कधी शंका घेतली नाही.

सत्याऐंशीच्या ऑक्टोबरात त्यांची एकुलती एक कन्या नीला एकोणिसाव्या वर्षी काविळीने गेली. तिच्या उशाशी रोवलेला क्रूस सहा महिने कोराच राहिला. दर रविवारी रंगाचा डबा घेऊन ते दफनभूमीत जात आणि तसेच परतत.

ईस्टरच्या पहाटेची उपासना दफनभूमीतच होईल, असे पाळकसाहेबांनी जाहीर केले. आदल्या सकाळी शांतवनांबरोबर त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाईही दफनभूमीकडे निघाल्या.

“अहो, साऱ्या गावाच्या लेकरांना निजवलंत तुम्ही,” कबरीशी बसता बसता त्या म्हणाल्या. “आपलीच तेवढी बेवारशासारखी ठेवायची?”

“निजली म्हणून लिहू? मंदा, मी तिला हलवून हलवून हाका मारल्या गं. निजलेलं माणूस उठतं. इतकी वर्षं लोकांना काय लिहून दिलं मी!”

कन्या तर गेलीच होती. आता तिच्या पुनर्भेटीची वाटही त्यांच्या अंतःकरणात बुजू लागली होती. बाईंनी कोऱ्या क्रुसावरची धूळ पदराने पुसली. मग म्हणाल्या,

“प्रभू मेलेल्या मित्राला ‘निजला आहे’ म्हणत उठवायलाच निघाला होता ना? तो उठणार, हे ठाऊक होतं त्याला. तरी कबरीपाशी रडलाच की! तुम्ही काय त्याच्याहून घट्ट मनाचे लागून गेलात? रडत रडत लिहा.”

शांतवनांनी डबा उघडला. डोळे पुसण्यासाठीही ते थांबले नाहीत. ‘निजली’तली शेवटची वेलांटी खाली ओघळली. एरवी त्यांनी ती चिंधीने पुसून पुन्हा काढली असती. या खेपेस तशीच राहू दिली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना पाळकसाहेब म्हणाले, “प्रभू उठला आहे!”

“खरोखर उठला आहे!” मंडळींनी प्रतिसाद दिला.

शांतवनांचे ओठ हलले, स्वर फुटला नाही. मंदाकिनीबाईंनी त्यांचे मनगट घट्ट धरले. मंडळी गीताकडे वळली, तेव्हाही ते एकटेच तो प्रतिसाद ओठांवर जुळवीत उभे होते.