एक मेंढरू आणि एलएमजी

सर्वांनी सावधान उभं राहून ऐकावं. अत्यंत गंभीर घोषणा आहे. मी, सायमन, छावणीतल्या चर्चमागच्या गल्लीत वाढलेला निवृत्त हवालदार, कुठल्याही बिशपचा हात डोक्यावर न पडता, केवळ एका सुभेदाराच्या तोंडी हुकमावर, भारतीय सैन्यात पाद्री होतो. घोषणा संपली. विश्राम.

पलटणीत पूजापाठाला पंडितजी होते. कंपनीत ख्रिस्ती मी एकटा. सुभेदारसाहेबांनी पहिल्याच रोल कॉलला विचारलं, "ख्रिश्चन ना तू? प्रार्थना येते?"

"येते, साहेब."

"झालं तर. आजपासून कंपनीचा पाद्री तू."

आमच्यात प्रत्येक जण जन्मतः अर्धा पाद्री असतो, अशी साहेबांची ठाम समजूत होती. प्रत्यक्षात मी रविवारी शेवटच्या बाकावर डुलक्या काढणारा. घरातली खरी पाद्री माझी आई. छावणीत कुणाकडेही मयत झालं, की ती पदर खोचून निघे. घर कुणाचं, कुठल्या धर्माचं, हे बघत नसे. दुःखाच्या घरी उपदेश करायचा नाही, हा तिचा नियम. शेजारी बसायचं, हात धरायचा, हलक्या आवाजात एखादं भजन म्हणायचं. मी तेवढंच उचललं. कुणाच्या गावाकडून वाईट बातमी आली, की मी त्या जवानाचा हात धरून बसे. भजन मात्र टाळत असे.

त्या हिवाळ्यात आमची पोस्ट सीमेवरच्या एका कड्यावर होती. मी तेव्हा नाईक, सेक्शन कमांडर. एलएमजीवर, म्हणजे हलक्या मशीनगनवर, शिपाई खंडू. बिडकीनकडचा, धनगराचा पोरगा. घरी मेंढरं. दोघं एकाच जिल्ह्याचे, त्यामुळं एकमेकांची टर उडवायचा हक्क आम्ही आपसात वाटून घेतला होता. दिनक्रम ठरलेला. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्च्यावर सज्ज, मग चहा, हत्यारांची सफाई, पोस्टभोवतीच्या काटेरी तारेची तपासणी.

त्या दिवशी चहा उकळत असताना पहिला गोळा पडला. दुसरा लंगरावर, आमच्या स्वयंपाकघरावर. तिसरा आमच्या बंकरच्या तोंडाशी. वाळूच्या पोत्यांसकट दगड आत आले. धूर ओसरल्यावर पाहिलं, तर खंडूचं पोट उघडं पडलं होतं. मी जखमेवर फील्ड ड्रेसिंग दाबलं. ते भिजलं. दुसरं दाबलं. तेही भिजलं.

रेडिओ उचलला. "कॅज्युअल्टी एक. स्ट्रेचर पाठवा. ओव्हर."

"रस्त्यावर फायर आहे. वेळ लागेल. होल्ड करा. ओव्हर." मग सुभेदारसाहेबांचा आवाज आला. "पाद्री, त्याला झोपू देऊ नको. झोपला की गेला. बोलतं ठेव."

गोळाबारी थांबली आणि समोरचे नाल्यातून वर चढले. मी एलएमजी घेतली. खंडूनं मागून माझा कमरेचा पट्टा मुठीत धरला.

"जाऊ नको, पाद्री."

"इथंच आहे. डोळे उघडे ठेव."

पहिला माणूस तारेवर पडला आणि तिथंच लटकला. दुसऱ्यानं त्याच्या पाठीवर पाय देऊन उडी घेतली. त्याला मी हवेतच मारलं. तिसऱ्याचा ग्रेनेड पोत्यांवर फुटला आणि माझा डावा कान बंद झाला. मॅगझिन बदलताना पट्ट्यावरची पकड सैल झालेली जाणवली. बोलायला काही सुचेना. म्हणून गायलो. आईचं हरवलेल्या मेंढराचं भजन. बर्स्ट, एक ओळ. बर्स्ट, एक ओळ.

"कसलं रडतोस रं?" खंडू म्हणाला.

"रडत नाही. गातोय."

"व्हय? मंग थांब. गोष्ट सांग नुसती."

मी सांगितली. मेंढपाळाची शंभर मेंढरं. एक हरवतं. तो नव्व्याण्णव रानात सोडून त्या एकाला शोधायला जातो.

"येडा हाय का त्यो? नव्व्याण्णव लांडग्याला?"

"गोष्ट आहे, खंड्या."

"कुत्रं तरी ठिवलं का राखणीला?"

"बायबलात कुत्र्याचं लिहिलेलं नाही."

"लिव्हाया पायजे होतं." तो हसला. तोंडातून रक्त आलं.

एक जण बाजूच्या खंदकातून आत शिरला. त्याची संगीन माझ्या दंडातून गेली. मी हाताला लागलेला दगड त्याच्या तोंडावर घातला. तो हलायचा थांबला, तरी मी घालतच राहिलो. मागून पट्टा ओढला गेला.

"पाद्री. सापडलं का ते?"

"सापडलं. खांद्यावर घालून घरी आणलं त्यानं."

"मंग गा. वंगाळ गातोस, तरी गा."

मी गायलो. कुठल्या ओळीवर मूठ सुटली, ते कळलं नाही. हल्ला मोडला, स्ट्रेचर आलं, तेव्हा मी रिकाम्या एलएमजीमागं गातच होतो. सुभेदारसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बस, पाद्री."

दंड भरून आल्यावर रजा मिळाली. आई म्हणाली, "आधी त्याच्या घरी." आम्ही दोघं बसनं बिडकीनला उतरलो आणि पुढं चालत गेलो. खंडूची शवपेटी येऊन गेल्याला बरेच दिवस झाले होते. खंडूची आई भिंतीला टेकून बसलेली. पेटी उतरवल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती. रडलीही नव्हती. चुलता म्हणाला, "अशीच ऱ्हायली तर ही बी जाईल."

आईनं नेहमीसारखं केलं. शेजारी बसली, हात धरला. चुलत्यानं मला विचारलं, "शेवटी संगं कोन होतं?"

"मी."

"काय करत होता?"

"गात होतो."

आई माझ्याकडं वळली. "तेच गा."

"इथं?"

"इथंच."

आजही दरवर्षी आम्ही तिथं जातो. खंडूचा फोटो दिवळीत आहे, गणवेशातला, मान जरा वाकडी, तोंडावर हसू. फोटोग्राफरनं काही विनोद केला असणार. पण त्या दिवशी फोटोही लागला नव्हता. ओसरीवर सगळी भावकी बसलेली, आणि मी सावधान उभा राहून, एका कानानं बहिरा, हरवलेल्या मेंढराचं भजन म्हणू लागलो. दुसऱ्या ओळीला दारातलं कुत्रं उठून गेलं. माझ्या आईनं मान खाली घातली. खंडूची आई हळूहळू माझ्याकडं वळली, डोळे मोठे केले, माझ्या आईचा हात घट्ट दाबला आणि ओरडली,

"अगं बया! गोळ्यानं न्हाय गं, ह्याच्या गाण्यानं गेलं माझं लेकरू!"