जीप कुणाच्या नावानं

आमच्या घरात दोन मुलगे एकदमच मोठे होत होते. एक मी आणि दुसरा माझा चुलतभाऊ. तो माझ्याहून काही महिन्यांनीच मोठा, पण मोठा तो मोठा, त्याला दादाच म्हणायचं, असं आईनं मला लहानपणीच बजावलं होतं. घर एक, चूल एक, शाळाही एकच. फरक एवढाच की मला पुस्तकातलं कळायचं आणि त्याला कळायचं नाही. दहावीत मी पास झालो, दादा नापास. पुन्हा बसला, पुन्हा नापास. मी रत्नागिरीला कॉलेजात जाऊ लागलो, आमच्या घराण्यातला पहिलाच. दादा सड्यावर, म्हणजे गावाच्या डोक्यावरच्या कातळाच्या पठारावर, आमच्या कलमांच्या बागेत राबू लागला. तो मला 'मास्तर' म्हणून चिडवायचा. मला ते आवडायचं. घरात आलेल्या पाहुण्याला आधी माझी ओळख करून दिली जायची आणि मग त्याची, तीही विचारलं तर.

मी बारावीची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात काका, म्हणजे दादाचे वडील, सुटीवर आले. ते मस्कतला वेल्डर होते. सड्यावरून आंब्याच्या पेट्या डोक्यावर घेऊन खाली रस्त्यापर्यंत यावं लागायचं. माझ्या बाबांची मान त्यानं कायमची धरली होती. एका दुपारी जेवताना काका म्हणाले, "ह्या वर्षी जीप घ्यायची. जुनी चालंल, पण चारी चाकांनी ओढणारी पायजे. कातळावर दुसरी गाडी चढायची नाय."

"चालवणार कोण?" बाबांनी विचारलं.

"दोन पोरं हाताशी आलीत ना. दोघं चालवतील."

काका हे सहज बोलले. मी मात्र ते वाक्य मनात जपून ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून मी एसटीत ड्रायव्हरच्या मागची जागा पकडून त्याच्या पायांकडे बघू लागलो. क्लच कधी दाबतो, गिअर कधी टाकतो, वळणावर हात कसे फिरवतो, सगळं. जीप यायच्या आधीच मी मनातल्या मनात ती सड्यावर नेली होती. दादानं काहीच केलं नाही. तो फक्त वाडीतल्या एका टेम्पोवाल्याबरोबर फिरायला लागला आणि थोड्या दिवसांत लायसन घेऊन आला. मी तोवर फॉर्म आणायचा विचार करत होतो.

पहिली जीप आम्ही रत्नागिरीच्या मासळी बंदरावर, मिरकरवाड्याला बघितली. बाहेरून नुसती चकाचक. तिचा मालक, एक म्हातारे चाचा, स्वतःच म्हणाले, "शेट, खोटं कशाला बोलू. मासळी वाहिलीय हिनं." त्यांनी पायाखालची चटई उचलली तर खालची जमीन दिसली. बर्फाच्या खाऱ्या पाण्यानं पत्रा खाऊन टाकला होता. आमच्याकडे म्हणून तर जुनी गाडी घ्यायची ती घाटावरची, समुद्राचा वारा न लागलेली. चाचांनीच कोल्हापूरकडच्या एका गुळाच्या व्यापाऱ्याचा पत्ता दिला.

काका आणि दादा तिकडे निघाले, मला बरोबर नेलं ते कागद वाचायला आणि शुद्ध बोलायला. एसटीत बसल्यापासून मला वाटत होतं की ती जीप खराब निघावी. कारण तोवर माझ्या लक्षात यायला लागलं होतं की घरात 'दोघं चालवतील' हे पुन्हा कुणीच म्हटलं नव्हतं.

जीप खराब नव्हती. उसाच्या शेताकडेला उभी होती, रंग उडालेला, पण पत्रा टणटणीत. दादा तिला बघताच सरळ आडवा झाला आणि तिच्या खाली शिरला. आतून त्यानं काकांना हाक दिली, "बाबा, हिचं सगळं जागच्या जागी हाय." वर्गात बाकावर उभा केल्यावर मान खाली घालणारा दादा मला माहीत होता. असा खणखणीत बोलणारा मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

व्यापाऱ्यानं गुळाचा खडा आणि पाणी दिलं. "कुणासाठनं घ्यायलायसा गाडी, पावनं?"

काकांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला. "पोरासाठी."

"आनि ह्यो?" त्यानं माझ्याकडे बोट केलं.

"हा आमच्या भावाचा. कॉलेजात शिकतो."

"झकास. शिकू द्या, शिकू द्या," तो म्हणाला आणि दादाच्या हातात किल्ली देऊन त्याला गिअर समजावायला लागला. माझ्या हातात कागद दिले. एरवी 'शिकतो' म्हटलं की माझी छाती फुगायची. त्या दिवशी वाटलं, मला कुणीतरी हळूच बाजूला उभं केलंय.

परत येताना घाट संपेपर्यंत गाडी काकांनी घेतली. मस्कतला रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवायची सवय, त्यामुळे आंबा घाटात ते सारखे समोरच्या ट्रकच्या अंगावर जायचे. "बाबा, डावीकडं," दादा ओरडायचा. "मेल्या, ठाऊक हाय मला," म्हणत काका गाडी डावीकडे घ्यायचे आणि पुढच्या वळणावर पुन्हा तेच. मी मागच्या फळीवर बसलो होतो. गुळाचा चिकट वास आणि फटीफटीतून निघणाऱ्या मुंग्या. घाटाखाली साखरप्याला काका म्हणाले, "दमलो, तू घे रे," आणि दादा स्टिअरिंगवर बसला. मागे वळून कुणी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीला गाऱ्हाणं घालायचं होतं. आमच्याकडे नवीन काहीही आलं, विहीर, बैल, सून, की गावच्या देवाला गाऱ्हाणं घातलंच पाहिजे. गावकर, म्हणजे गावचा मानकरी म्हातारा, नारळ हातात घेऊन जीपसमोर उभा राहिला. वाडीतली सगळी माणसं भोवती जमली. गाऱ्हाण्याची रीत अशी की गावकरानं देवाशी एकेक वाक्य बोलायचं आणि जमलेल्या सगळ्यांनी एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. जो गप्प राहील त्याचं त्या मागण्याला मान्य नाही, असा त्याचा अर्थ. म्हणून लहान पोरंसुद्धा ओरडून म्हणतात.

सुरुवात करण्याआधी गावकरानं काकांना विचारलं, "गाडी कोनाच्या नावान घालू?"

काकांनी एक क्षण बाबांकडे बघितलं. बाबांनी नजर जीपच्या चाकाकडे वळवली. मला वाटलं, आता काका म्हणतील, दोन्ही पोरांच्या.

"माज्या पोराच्या," काका म्हणाले. "त्यालाच संभाळायची हाय."

गावकरानं डोळे मिटले. "बा गावच्या धन्या, तुज्या लेकरानं ही गाडी तुज्या पायाशी आणलान हाय."

"व्हय म्हाराजा."

"तिचा मालक हा तुजाच पोर. त्याला घाटात, वळनात, सड्याच्या कातळावर संभाळ."

"व्हय म्हाराजा."

माझा आवाज निघाला नाही. शेजारी आई उभी होती. तिनं माझा दंड हलकेच दाबला. तिला कळलं होतं.

"कोनाची नजर लागली आसंल, कोनाच्या पोटात दुखत आसंल, तर त्याचा काय वाकडा नको करू, म्हाराजा, पर त्याच्या पोटातला दुखना काढ."

पुढच्या रांगेतलं कुणीतरी हसलं. गावकर हे वाक्य प्रत्येक गाऱ्हाण्यात म्हणायचा, मी ते शंभरदा ऐकलं असेल. पण त्या सकाळी ते ऐकताना माझे कान तापले. सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणाले आणि मीही म्हणालो, इतरांच्या मागून, त्यामुळे माझा आवाज एकटाच ऐकू आला. दोघा-तिघांनी वळून बघितलं.

मग आई पुढे झाली. चारचौघांत ती कधी बोलत नसे. पदर सावरत म्हणाली, "गावकरांनू, माज्या पोराचाबी घाला काय तरी."

"व्हय तर," म्हातारा म्हणाला आणि पुन्हा नारळ वर धरला. "म्हाराजा, ह्या घरातला दुसरा पोर शिकतोय. त्याला मोटा कर. त्याच्या घराला, गावाला नाव दे."

"व्हय म्हाराजा," एक आवाज सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांच्या वर गेला. दादाचा. बोनेटवर हात ठेवून, मान वर करून तो असा ओरडला की झाडावरचे कावळे उडाले. काकी म्हणाल्या, "हळू रे, देव भैरा नाय."

त्याच्या त्या ओरडण्यानं मला बरं वाटायला हवं होतं. उलट मी जास्तच जळलो. जीप त्याला त्याच्या वडिलांनी दिली होती, ते समजण्यासारखं होतं. पण दुसऱ्याच्या मागण्याला एवढ्या मोकळ्या घशानं होकार देणं त्याला कुठून आलं, आणि मला का आलं नाही, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

पुढची तीन वर्षं मी बीएस्सी करत होतो आणि जीप गावभर फिरत होती. आमच्या पेट्या खाली यायच्याच, शिवाय शेजाऱ्यांच्या. आजारी माणूस असला, सिमेंट आणायचं असलं, लग्नाची भांडी न्यायची असली, की दादा. ज्या गुरुजींनी त्याला बाकावर उभं केलं होतं ते रस्त्यात हात करून त्याच्या जीपमध्ये बसायचे आणि त्याला 'अहो' म्हणायचे. एकदा रत्नागिरीच्या बाजारात एका आंबेवाल्यानं मला विचारलं, "तुम्ही जीपवाल्यांचे भाऊ ना?" तोपर्यंत तो माझा भाऊ होता. आता मी त्याचा झालो होतो.

त्याचे माझ्यावर उपकारही होतेच, आणि ते मोजता येणार नाहीत. एसटी आली नाही म्हणून माझा पेपर बुडणार होता, तेव्हा त्यानं बागेचं काम टाकून मला परीक्षेला पोचवलं. मी पुढे बसलो होतो आणि सगळा वेळ त्याच्या उजव्या पायाकडे बघत होतो. त्यानं कधी 'चालवतोस का' म्हटलं नाही. मीही कधी मागितली नाही. मला वाटायचं, माझं असूनही मी ते का मागायचं?

बीएस्सीचा निकाल लागला त्या दिवशी दादाच मला न्यायला आला. मी पास झालो होतो. कॉलेजच्या गेटवर उतरून त्यानं मला मिठी मारली आणि हमालाला, चहावाल्याला, दिसेल त्याला सांगितलं, "आमच्या घरातला पयला ग्रॅज्युएट." मला भरून आलं. तरी गाडीत बसताना डोळे पुन्हा त्याच स्टिअरिंगवर गेले.

गावच्या वळणाशी सड्याची वाट सुटते. तिथं मी म्हणालो, "दादा, आज मला चालवायला दे."

त्यानं गाडी थांबवली. "आज?"

"तीन वर्षं वाट बघतोय."

"मग बोलायचं नाय व्हय?"

"तू कधी विचारलंस?"

"मी इचारू?" तो खरंच चकित झाला होता. "अरे, मला वाटायचं तुला ह्यात कमीपना वाटतो. तू मोटा सायब होनार, मी ड्रायव्हर. तुला चल, गाडी हाक, असं कसं सांगनार, मास्तर?"

तो उतरला, मी स्टिअरिंगवर सरकलो. पहिल्यांदा गाडी बंद पडली, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा धक्के खात निघाली. एसटीत बघून पाठ केलेलं काहीच कामाला आलं नाही. सड्याचा चढ लागला, चाकाखाली कातळ खडखडायला लागला आणि जीप एका अंगावर झुकली.

"उतर आता. हितनं वर मी घेतो," दादा म्हणाला.

"नाही."

"दगूड लय हायत रे."

"असू देत."

त्यानं फोर व्हीलचा दांडा ओढून दिला. "बरं. पयल्यातच ठेव. क्लचला पाय लावू नको." मग त्यानं समोरची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. जीप आणली त्या दिवसानंतर त्या जागेवर तो कधी बसलाच नव्हता. तो घाबरला होता, स्वतःसाठी नाही, जीपसाठी. मी ते बघितलं आणि खरं सांगतो, मला ते बघून फार बरं वाटलं. मग मी नजर वाटेवर आणली आणि गाडी हळूहळू वर घेत राहिलो.